वीस तेत्री

आमच्या इमारतीची लिफ्ट नाणं गिळल्याशिवाय हलत नाही.
वीस तेत्रीचं एक, डब्याच्या फटीत,
मग ती कण्हत उठते,
वार्केतिलीतल्या सगळ्या म्हाताऱ्या लिफ्टांसारखी.

आठव्या मजल्यावरची त्सिआला
नाणं मुठीत धरते आणि जिन्याकडे वळते.
वय शहात्तर. गुडघ्याला लोकरीची पट्टी.
एका पिशवीत बटाटे, दुसरीत भोपळा.
वर पोचली की ते नाणं
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकते.
टण्ण.
खाली माझ्या छतातून ऐकू येतं.

मी सातव्यावर, भाड्याच्या खोलीत,
मांडीच्या स्नायूंची लॅटिन नावं घोकत असतो.
चार डोक्यांचा. दोन डोक्यांचा. शिंप्याचा.
बावीस वर्षांचा मी, चौथ्या मजल्यावर कठडा धरून धापा टाकतो,
आणि मागून आवाज येतो,
"श्विलो, जरा बाजूला हो बाळा."

मला वाटायचं, चिक्कू आहे बाई.

मग एकदा वीज गेली,
तिनं चहाला बोलावलं, बिहीचा मुरंबा पुढे केला,
आणि मेणबत्तीकडे बघत सांगितलं:
"सत्तावीस वर्षं कारखान्यात कोट शिवले. बसून.
उजवं पाऊल तेवढं हलायचं.
अडुसष्टावं लागलं त्या फेब्रुवारीत
नोदारी रात्री दोनला न्हाणीघरात पडला.
लागलं नव्हतं फार. नुसता पडला होता.
काखेत हात घालून ओढला, हलेना.
टॉवेल बांधून ओढला.
शेजाऱ्यांना बोलावते म्हटलं, तर म्हणाला,
अशा अवस्थेत नको.
शेवटी उशी आणली, रजई आणली,
आणि त्याच्या बाजूला आडवी झाले.
उजाडेपर्यंत आम्ही छताकडे बघत
आमच्या लग्नाला कोण कोण आलं होतं ते आठवत होतो.
हसलोसुद्धा.
पण फरशी फार गार होती रे."

मार्चात तो गेला. छातीत कफ.
ती म्हणाली, "चाळीस वर्षं एका ताटात जेवलो,
त्याचं वजन किती ते मला त्या रात्री कळलं."

पहिल्या वर्षी ती तिसऱ्यापर्यंत चढायची, पुढे लिफ्ट.
नाणं तेवढंच, कष्ट अर्धे.
मग पाचवा. मग दोन हिवाळे पाचव्यावरच अडकली.
मग एका ईस्टरला थेट दारापर्यंत, एकशे सव्वीस पायऱ्या,
आणि दारात बसून रडली, कारण सांगायला कुणी नव्हतं.
आता पिठाचं पंचवीस किलोंचं पोतं
कमरेत न वाकता, मांड्यांवर जोर घेऊन उचलते.

बरणी भरली की नाणी नवव्या मजल्यावरच्या लामाराला देते.
"तिचे सांधे खरंच गेलेत. तिनं लिफ्टनंच जावं."

मी विचारू नये ते विचारलं:
"आता कुणाला उचलायचंय?"
तिनं कप ठेवला,
फरशीवर मांडी घालून बसली,
आणि हात न टेकता, ओठ घट्ट मिटून,
सरळ उभी राहिली.
"हिला," म्हणाली.

जूनमध्ये तोंडी परीक्षा होती.
सरांनी पेन्सिलीनं माझ्याच मांडीवर तिरकी रेघ ओढून विचारलं,
"शिंप्याचा स्नायू. कशासाठी?"
"मांडी घालून बसायला," मी म्हणालो.
आणि का कोण जाणे, पुढे जोडलं,
"उठायलासुद्धा."
सर हसले. "उठवणारे दुसरे असतात."
अर्धा गुण कापला.

बरोबरच होतं त्यांचं, पुस्तकापुरतं.
संध्याकाळी इमारतीच्या दाराशी आलो,
खिशातलं नाणं चाचपलं.
पाचव्यापर्यंत थांबलो नाही.
पुढे थांबलो. कठड्याला टेकून,
वरून टण्ण येतंय का ऐकत.